गॅसच असेल

४ फेब्रुवारी

मीटिंग. डॉक्टरबाईंनी भिंतीवर नकाशा लावला. हृदयविकाराने जिथे जास्त माणसं दगावतात तिथे लाल रंग. आमचा भाग इतका लाल की खालची अक्षरं दिसेनात! बाई म्हणाल्या, "औषधं आहेत, मशीन आहे. माणसंच येत नाहीत. तुम्ही त्यांच्या दारात जा." म्हणजे आम्ही नर्सबायांनी. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं प्रेशर मोजायचं, एकही घर सोडायचं नाही.

माझ्या वाट्याला मागची गल्ली. दादाची! बदलून मागणार होते, पण कारण काय सांगणार? यादी पिशवीत टाकली.

५ फेब्रुवारी

सुरुवात शिंप्याच्या घरापासून. दुसऱ्यांच्या दंडांची मापं घेण्यात याचा जन्म गेला, पण प्रेशरचा पट्टा बघून स्वतः घाबरला. मग माझी नेहमीची युक्ती. पट्टा आधी माझ्या दंडावर. मशीनचं तोंड भिंतीकडे. आकडा दिसला की लोक त्याचीच चर्चा करत बसतात, हात काही पुढे करत नाहीत. पट्टा फुगला, सुटला, झालं! "बघा, आहे की नाही मी जिवंत?" हसला बिचारा आणि बाही वर केली.

प्रेशर भरपूर. छातीत दुखतं का विचारलं, तर म्हणे, "कधीकधी. गॅसच असेल." गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, तंबाखूवरून झापलं. दोन्हींना हो म्हणाला. ऐकेल तर शपथ.

या गल्लीत सगळ्यांना गॅस आहे. हृदय कुणालाच नाही.

८ फेब्रुवारी

आज दादाचं दार आलं आणि मी सरळ पुढच्या घरी गेले.

९ फेब्रुवारी

झोप नीट नाही. बाबांची आठवण. त्या रात्री त्यांच्या छातीत कळ येत होती, जबड्यापर्यंत जात होती. दादाने सोडा पाजला. म्हणाला, "गॅसच असेल, सकाळी बघू." सकाळ बाबांनी पाहिलीच नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्याला बोलले. खरं तेच बोलले, आजही तेच बोलेन! तेव्हापासून आम्हा दोघांचं बोलणं बंद. रस्त्यात दिसला की तो चपलेकडे बघतो, मी दुकानाच्या पाट्या वाचते.

माझं बरोबर होतं. पण बरोबर असून उपयोग काय? संध्याकाळी कुलूप काढते आणि "आले गं" असं मीच मला म्हणते. आज तेही म्हटलं नाही. फार एकटं वाटलं.

१२ फेब्रुवारी

दिवसभर जळजळ. जिना चढताना दम लागला. दाढही ठणकतेय. दगदग, दुसरं काय! थंड दूध प्यायले.

१४ फेब्रुवारी

भाजीच्या दुकानात वहिनी भेटली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "वन्सं, हे आता बाबा गेले त्या वयाचे झालेत. मनाने धसका घेतलाय. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. तुम्ही या ना एकदा."

हो म्हणून आले खरी. पण त्याचा आकडा वाईट आला तर? तो मी कोणत्या तोंडाने सांगू? माझं माहेर म्हणायला तेवढं एकच माणूस उरलंय.

१५ फेब्रुवारी

गेले! दार त्यानेच उघडलं. किती पिकलाय! म्हणाला, "दुसरी कुणी नव्हती का?"

"नव्हती."

"बस मग."

पिशवीतून मशीन काढलं. पट्टा आधी मला लावला, सवयीने. तर दादा लगेच, "तोंड भिंतीकडे का? मला फसवू नकोस. दाखव इकडे." फिरवलं मशीन. एकशे ब्याण्णव! मी हसले, म्हटलं, "गेलं कामातून. सरकारी माल! उद्या दुसरं आणते." तो हसला नाही. मी पिशवी उचलून सुटले.

तरी बोलला माझ्याशी. जिना उतरताना डोळे भरून आले. वहिनीचा चहा राहिलाच.

आत्ता पुन्हा जळजळ. हे काम आटोपलं की दाखवेन बाईंना.

१७ फेब्रुवारी

वॉर्ड. डाव्या हाताला सुई आहे, उजव्याने लिहितेय.

काल नवीन मशीन घेऊन गेले. दादाचं प्रेशर एकशे बावीस, अगदी व्यवस्थित! मला रडूच आलं. त्याने पट्टा सोडला आणि माझ्या दंडाला गुंडाळला. नवीन मशीन, आकडा तोच परवाचा, एकशे ब्याण्णव. छातीवर हात गेला माझा. म्हटलं, "काही नाही रे, गॅसच असेल."

मी म्हटलं. मीच!

दादा उठला. चपला घालत म्हणाला, "बाबांनाही गॅसच होता. चल."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. तो बाहेर बाकावर बसलाय. घरी जा म्हटलं, सकाळी ये. गेला नाही.