जांभळ्या जर्सीची मालकी

॥ श्री ॥

कोल्हापूर,
१४ जानेवारी १९७९, संक्रांत

चि. हंबीररावास आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. वाटेत फुटला तर भुगा खा, पण गोड बोल. कारण खालची बातमी वाचून तू गोड बोलशील असं मला वाटत नाही.

आपल्या चिंचेखालच्या तालमीचा फुटबॉल संघ गणपतराव मागतायत. गणपतराव म्हणजे आपल्या धोंडुबाईंचे चिरंजीव, तुझ्याबरोबर गल्लीत चिंध्यांचा बॉल खेळायचे ते. आता शिरोलीला त्यांची फौंड्री आहे, राजारामपुरीत बंगला आहे आणि बसायला मोटार आहे. त्यांचं म्हणणं असं की संघाला फौंड्रीचं नाव द्यायचं, रंग त्यांचा, कारभार त्यांचा. बदल्यात चांगले बूट, कोच, बाहेरगावच्या स्पर्धा, आणि ते निवडतील त्या खेळाडूंना फौंड्रीत कायमची नोकरी. अकरा फेब्रुवारीला रविवारी चिंचेखाली सगळ्या पेठेची सभा आहे. हात वर करून निकाल लावायचा असं कमिटीनं ठरवलंय.

निवडलेल्यांत आपला ज्ञानू आहे. हंबीर, तुझे दाजी गेल्यापासून मी मशीनवर ब्लाऊज शिवून घर चालवते, हे तुला सांगायला नको. पोरानं टर्नरचा कोर्स केला त्याला दोन वर्षं झाली, अजून हाताला काम नाही. सेंटर हाफ म्हणून सगळी पेठ त्याला खांद्यावर घेते, पण खांद्यावरून उतरला की येऊन बसतो तो माझ्याच उंबऱ्यावर. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी संघ देण्याच्या बाजूची आहे. तिकडून तोफ डागू नकोस.

तिकडं थंडी फार असेल. मफलर वापर, नुसता पेटीत ठेवू नको.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
आक्का

-----

भिलाई,
२२ जानेवारी १९७९

ती. आक्कास हंबीरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तिळगूळ पोचला. पहिला लाडू खाऊन पत्र उघडलं आणि दुसरा घशात अडकला.

आक्का, संघ म्हणजे काय म्हैस आहे, या दावणीची सोडून त्या दावणीला बांधायला? गणप्याला (तुमचा गणपतराव, माझा गणप्याच) विसर पडला असेल, पण तुला कसा पडला? लालासाब वस्तादांनी संघ उभा केला तेव्हा काय रीत घालून दिली, ते आठव. जर्सी धुवायला परीट लावायचा नाही. पेठेतल्या एकेका घराकडं एकेक जर्सी द्यायची, आणि कुठल्याही घरात आपल्या पोराची जर्सी धुवायची नाही. आपला तो बाब्या असं एकदा सुरू झालं की संघ संपला, असं ते म्हणायचे. मी गोलात होतो तोवर माझी पिवळी जर्सी वस्तादांची सून लालबी धूत होती. मी इकडं आलो, तिचा हुसेन गोलकीपर झाला, तशी ती जर्सी तिच्या घरातून उठून तुझ्या घरी आली. आणि ज्ञानूची जांभळी गेली तिच्याकडं. अशा संघावर फौंड्रीचं नाव घालायचं? मग उद्या तालमीतल्या मारुतीच्या पाठीवरही रंगवा म्हणावं!

पेठ हे होऊ देणार नाही, याची मला खात्री आहे. तालमीत बायकांनी जायची रीत नाही, पण चिंचेखालचा चौक सगळ्यांचा आहे. तू तिथं उभी राहा आणि हे पत्र मोठ्यांदा वाचून दाखव. अकरा वर्षं गोल राखलेल्या माणसाचं पत्र आहे म्हणून सांग.

ज्ञानूच्या नोकरीचं बघू काहीतरी. धीर धर.

रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र थांबवू नको.
तुझा,
हंबीर

-----

॥ श्री ॥

कोल्हापूर,
३० जानेवारी १९७९

चि. हंबीररावास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं बाबा. तू ऐन भरात असताना पोलादाच्या कारखान्यातली नोकरी धरलीस, तेव्हा तुला कुणी संघबुडव्या म्हटलं नाही. स्टेशनावर तुझी ट्रंक मीच गाडीत चढवली होती. आणि माझ्या पोराची वेळ आली की वस्ताद आठवले! "बघू काहीतरी" याची भाजी होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

असं खरमरीत पत्र लिहायला बसले होते, आणि त्यातच एक गोष्ट झाली. ती सांगते.

गणपतरावांच्या मॅनेजरनं कमिटीला नावं कळवली. गोलकीपर पुण्याहून येणार. हुसेनला संघातही जागा नाही आणि नोकरीतही नाही. कमिटीनं ही गोष्ट दाबून ठेवली आहे, सभेआधी बोभाटा नको म्हणून. मला कळलं ते सेक्रेटरींच्या बायकोकडून, ब्लाऊजचं माप देता देता.

गुरुवारी लालबी आली. ज्ञानूची जर्सी घेऊन. नेहमीसारखी रिठ्याच्या गार पाण्यात धुतलेली, सावलीत वाळवलेली, चापून घडी घातलेली. जांभळा रंग कढत पाण्याला टिकत नाही, म्हणून ती किती जपते ते तू बघितलं आहेस. तिच्या बोलण्यावरून लगेच कळलं, हुसेनचं तिला आधीच कळलंय. तरी जर्सी मशीनवर ठेवली, चहा घेतला, ज्ञानू कामावर कधी जाणार म्हणून विचारलं. म्हणाली की एका घरात तरी उजेड पडतोय, बरं झालं की. कुठं तिरकं बोलणं नाही, काही नाही. ती गेल्यावर मला भारी लाज वाटली, हंबीर. आणि मागच्या दारी दोरीवर हुसेनची पिवळी जर्सी वाळत होती.

ज्ञानूला यातलं काही माहीत नाही. दोघं एका ताटात जेवून मोठी झालेली पोरं. सांगितलं तर हा नोकरीवर लाथ मारील. नाही सांगितलं तर मी लालबीच्या डोळ्याला डोळा कसा देऊ? आता भाषण नको, सल्ला दे.

वाट बघते.
तुझी,
आक्का

-----

भिलाई,
६ फेब्रुवारी १९७९

ती. आक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तू म्हणतेस ते खरं आहे. इथं दर महिन्याला हातात पगार पडतो, म्हणून मला वस्ताद आठवतात.

माझा सल्ला असा. ज्ञानूला काही सांगू नको. सभा होऊ दे, हात वर होऊ देत, पोराला नोकरी लागू दे. एकदा तो आत गेला की हुसेनसाठीही शब्द टाकता येईल. माझं ते पत्र सभेत वाचू नको, बंबात घाल. पोट आधी, पेठ नंतर. हे लिहायला मला नको वाटतं, पण तुझ्या मशीनचा आवाज मला इथवर ऐकू येतो, त्याचं काय करू?

लालबीला माझा सलाम सांग. नको, आत्ता नको, नंतर सांग.

आठवण ठेव.
तुझा,
हंबीर

-----

॥ श्री ॥

कोल्हापूर,
१३ फेब्रुवारी १९७९

चि. हंबीररावास आक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं, सभा झाल्यावर. बरं झालं उशिरा पोचलं. आधी आलं असतं तर कदाचित मी तुझं ऐकलं असतं.

आता सभा ऐक. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओट्यांवर, पोरं चिंचेवर. गणपतरावांची मोटार कोपऱ्यावर उभी, आणि मागच्या सीटवर धोंडुबाई. म्हातारीनं येणारच म्हणून हट्ट धरला होता. आधी तासभर नुसती तोंडातोंडी. एकजण म्हणाला की दूध डेरीला घातलं तरी म्हैस आपल्याच गोठ्यात ऱ्हाते की. त्यावर दुसरा म्हणाला की हितं पावणं म्हशीचंच दावं मागाय लागल्यात, दूध न्हवं. दोन्हीकडच्यांनी टाळ्या पिटल्या.

मग गणपतराव बोलले आणि मी खोटं बोलणार नाही, चांगलं बोलले. म्हणाले की याच तालमीसाठी त्यांचा गुडघा गेला, तेव्हा पेठेनं नारळ दिला, काम कुणी दिलं नाही. या पोरांचं तसं होऊ नये एवढंच त्यांना वाटतं. मला वाटलं, हा माणूस माझ्या मनातलंच बोलतोय. सेक्रेटरींनी लगेच सांगितलं की द्यायच्या बाजूचे हात वर करा. भराभर हात वर झाले. पहिल्या दहा-बारांत ज्ञानूचा.

माझ्या पिशवीत हुसेनची पिवळी जर्सी होती. सभा झाल्यावर मॅच होती, म्हणून त्याला द्यायला आणलेली. त्या वर गेलेल्या हाताकडं बघितलं आणि मला राहवेना. ओट्यावर उभी राहिले, जर्सी वर धरली आणि गणपतरावांना विचारलं की पुढच्या रविवारी ही कुणाच्या अंगात असणार, तेवढं सांगा, मग हात मोजा.

गणपतराव खोटं बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पुण्याचा गोलकीपर ठरलाय, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. हुसेन चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली नाही, फक्त माझ्या हातातल्या जर्सीकडं बघत राहिला.

आणि ज्ञानूचा हात खाली आला. आधी कोपरात वाकला, मग सगळाच आला. हंबीर, मी आई आहे. त्या हाताबरोबर काय काय खाली आलं ते मला मोजता येतं. पण खरं सांगू? माझी छाती अशी भरून आली की बाजूच्या तानाबाईच्या खांद्याला धरावं लागलं. त्याच्यामागनं बाकीच्यांचे हात पिकल्या चिंचेसारखे टपटप पडले.

गणपतराव चिडले. चिडणारच. म्हणाले की या संघाला मालक तरी कोण आहे, एक माणूस दाखवा, ज्याच्याशी बोलता येईल. तेवढ्यात मोटारीचं दार उघडलं आणि धोंडुबाई पिशवी घेऊन उतरल्या. पिशवीतनं निघाली दोन नंबरची जर्सी! राजारामपुरीला गेल्यावरही म्हातारी दर आठवड्याला ती रिक्षानं मागवत होती, मागच्या मोरीत धूत होती आणि रिक्षानंच परत धाडत होती. लेकाला पत्ता नाही. भर चौकात त्याला म्हणाल्या की मालक इचारतोस व्हय, ही एक माझ्याकडं हाय, बाकीच्या ह्या बायकांकडं हायत्या, एकेकीला इचारत फिर जा.

मग जो हशा झाला तो तुला भिलाईत ऐकू यायला हवा होता. गणपतराव मोटार काढून निघून गेले, आईला न घेता. धोंडुबाई आमच्याकडं भाकरी-झुणका खाऊन संध्याकाळी शांतपणे रिक्षानं गेल्या.

ज्ञानू रात्री जेवला. हात धुताना एवढंच म्हणाला की तुला आधी माहीत होतं तर मला आधी सांगायचं होतंस. ते खरं आहे. काल सकाळी तो उचगावला एका लेथच्या वर्कशॉपमध्ये रोजावर लागला. रोज थोडा आहे, पण तोंड उतरलेलं नाही.

तुझं पहिलं पत्र मी वाचून दाखवलं नाही. गरज पडली नाही. दोन्ही पत्रं बंबात न घालता ठेवली आहेत, तू आलास की एकापुढं एक वाचून दाखवीन.

आनंदात राहा.
तुझी,
आक्का

-----

भिलाई,
२१ फेब्रुवारी १९७९

ती. आक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

एवढंच लिहितो. पत्र घेऊन पाळीवर गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत छत्तीसगढच्या, बंगालच्या सगळ्या दोस्तांना हिंदीत सांगितलं. एका बंगाल्यानं विचारलं की हे भांजे साहेब कोण? मी म्हटलं, आमच्या संघाचा सेंटर हाफ. नोकरीचं काही सांगितलं नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. मे महिन्यात रजा घेऊन येतो. लालबीला आता सलाम सांग.

माझ्या दुसऱ्या पत्रातली बुद्धी विसर, पहिल्यातली लक्षात ठेव.
तुझा,
हंबीर

-----

॥ श्री ॥

कोल्हापूर,
६ मार्च १९७९

चि. हंबीररावास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सलाम पोचवला. लालबी म्हणते की येताना तोंडानं सांगायचा, कागदावरचा सलाम ती मोजत नाही.

शनिवारी संध्याकाळी दारात मोटार थांबली. गणपतराव एकटेच उतरले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. धोंडुबाईंना आठवडाभर ताप आहे. जर्सी गड्याच्या हातात द्यायची नाही, आपल्या घरची पाळी आहे, तूच धू, असं त्यांनी अंथरुणातनं लेकाला बजावलं. मग काय, फौंड्रीच्या मालकांनी बाह्या सरसावल्या आणि दोन नंबरची जर्सी कढत पाण्यात, सोडा घालून, चांगली खसाखसा घासली.

वर्तमानपत्र उलगडलं तर आत जर्सी कसली, वांग्याच्या भाजीचं पाणी! सगळा जांभळा उतरलेला. गणपतराव दारातच उभे राहिले. म्हणाले की अशी दुसरी शिवून मिळंल का, लागंल ते देतो. मी म्हटलं की शिवता येईल, पण पाळी तुमच्या घरची होती, धुतली तुम्ही, आता हीच चालायची. बसा, चहा घ्या.

चहा पिता पिता त्यांनी ज्ञानूला विचारलं की शिरोलीला लेथवर माणूस पाहिजे, येतोस का, संघाचा काही संबंध नाही. ज्ञानूनं हुसेनचं विचारलं. ते म्हणाले की एकावेळी एकाचं बघू. ज्ञानू म्हणाला की मग विचार करून सांगतो. मी मशीनचं चाक जोरात फिरवलं. आता माझं पोर स्वतःच्या मनानंच हात वर करील.

रविवारची मॅच आपण एका गोलनं मारली. हुसेननं शेवटी एक फटका असा अडवला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. पण पेठेची नजर बॉलवर कमी आणि दोन नंबरवर जास्त होती. नऊ गडद जांभळे आणि त्यांत एक फिकट, कुठूनही ओळखू यावा असा. पोरांनी तिचं नावच पाडलंय, गणपतरावांची जर्सी. स्वतः गणपतराव साध्या स्टँडात बसले होते. मॅच संपल्यावर कुणी न सांगता मैदानात उतरले, दोन नंबरच्या पोराकडनं ती मळलेली जर्सी मागून घेतली आणि जाता जाता मला विचारलं की रिठे कुठं मिळत्यात.

मेमध्ये ये. लोभ धुतला तरी उतरत नाही, हे दाखवायला ये.
तुझी,
आक्का