लागेल तेवढंच उघडायचं

६ एप्रिल १९९९, धुळे

नानांनी पासवर्ड फोडला! म्हणजे फोडला कसला — एस्केपचं बटण दाबलं. बस्स. विंडोजने पासवर्ड विचारला, नानांनी एस्केप दाबलं, आणि आत! मी दोन वर्षं त्या पासवर्डवर विसंबून होते.

शालिग्राम नाना म्हणजे आमचे घरमालक. पूर्वी ट्रक चालवायचे, आता वरच्या मजल्यावर राहतात आणि रोज दुपारी खाली माझ्या तपासणी केंद्रात येऊन लॅपटॉपवर पत्ते खेळतात. तेवढ्या बदल्यात पंख्याचं बिल मागत नाहीत. आज मी सिव्हिलमध्ये रक्ताचे नमुने द्यायला गेले होते. नानांना थांबवेना. आत गेले ते गेले, वर शेजारच्या फाइलवर टिचकी मारली. दुसरा खेळ वाटला म्हणे!

मी आले तर फाइल उघडी. नाना चष्मा सरकवून वाचताहेत. "हाऊ लोटन म्हंजे पारोळाना का वं?"

एचआयव्ही तपासणीची यादी ती. आग्रा रोडचे ड्रायव्हर, क्लीनर, त्यांच्या बायका — केवढ्या विनवण्यांनी येतात, आणि मी प्रत्येकाला सांगते की तुमचं नाव या भिंतीबाहेर जाणार नाही.

नानांना शपथ घातली. "मी काय बाई शे का, गावभर सांगाले?" म्हणाले. मी बाईच आहे, तरी गिळून बसले.

९ एप्रिल

सांगितलंच! वाईट हेतूने नाही, तेच तर वाईट. चहाच्या टपरीवर लोटन दिसला, नाना प्रेमाने ओरडले — "का रे लोटन, तब्येत कशी शे आते? आमना केंद्रमा येस ना तू?" टपरीवर दहाजण.

लोटन आज औषधाला आला नाही.

१२ एप्रिल

पारोळ्याला जाऊन आले. लोटन अंगणात मोटारीच्या टायरवर बसला होता. मला पाहून बायकोने आतूनच दार लोटलं. टपरीवरची गोष्ट घरापर्यंत पोचली आहे. ट्रकमालकाने त्याला "थोडे दिवस आराम कर" म्हटलंय.

मी काय काय बोलले, आठवत नाही. माफी मागितली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुमना काही दोस नही, ताई," म्हणाला. "पन तुमना मशीनले तोंड शे!"

बसमध्ये धुळ्यापर्यंत हेच एक वाक्य.

१५ एप्रिल

मशीनचं तोंड बंद करायचं, ठरलं! पण कसं? गल्ली नंबर चारमधल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे गेले. त्याने एक कुलपाचा प्रोग्राम टाकून दिला, रंगीत किल्ली वगैरे. छान. मग मीच विचारलं, फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं तर? त्याने करून पाहिलं. सगळी यादी समोर! "असं कोण करतंय मॅडम?" म्हणे.

एस्केप तरी कोण दाबत होतं?

सध्या यादी फ्लॉपीवर, फ्लॉपी पर्समध्ये, पर्स उशाशी.

१ मे, भुसावळ

काल बुद्धपौर्णिमेला घरी आले. आईची खीर, वडिलांच्या रेल्वेतल्या दोस्तांची गर्दी, "लग्नाचं काय" चालूच. लॅपटॉप बरोबर आणला होता, कारण गिरधर.

गिरधर माझ्या वर्गातला, आता रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागात. त्याच्याकडे विंडोजच्या जागी टाकायच्या दोन सीड्या. एक लिनक्सची, मासिकाबरोबर आलेली. गच्च भरलेली! खेळ, चित्रं, घड्याळंच चार प्रकारची. दुसरी ओपनबीएसडी. कॅनडातून त्याच्या मावसभावाने पाठवलेली. दोन्ही फुकट वाटता येतात, दोन्हींच्या आतला सगळा मजकूर कुणालाही वाचता येतो.

मी म्हटलं, ज्याच्या आत काय आहे ते सगळ्यांना माहीत, ते सुरक्षित कसं?

"कुलूप कसं बनवलंय ते कळल्याने किल्ली मिळत नाही," गिरधर म्हणाला. "उलट चार लोक तपासतात, कुठे सैल आहे ते सांगतात."

लिनक्स घ्यायचं मन होत होतं, खोटं कशाला बोलू. देखणं होतं. पण त्यात काय काय आपोआप सुरू होतं ते गिरधरने दाखवलं. मला नावही माहीत नसलेल्या दहा गोष्टी. "यात तू शोधून शोधून बंद करत बसायचं. त्यात सगळं आधीच बंद. लागेल तेवढंच उघडायचं."

ओपनबीएसडी! झालं!

दुपारभर बसलो. डिस्कचे भाग पाडताना माझ्या हातून एक आकडा चुकला, सगळं पहिल्यापासून. आईने दोनदा चहा दिला आणि गिरधरच्या पगाराची चौकशी केली! शेवटी डिस्कच्या आत एक बंद पेटी केली. पासवर्ड दिला तरच उघडते, नाहीतर आत नुसता कचरा दिसतो. फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं तरी कचराच. करून पाहिलं. गिरधरला मिठी मारावीशी वाटली. आईसमोर नको म्हणून राहिलं.

३ मे, धुळे

काळा पडदा. पांढरी अक्षरं. लॉगिन — आणि पुढे लुकलुकणारा चौकोन.

नानांनी वाकून पाहिलं. "पत्ता कुठे शेतस?"

"नाहीत, नाना."

"बठ्ठा गया?"

"सगळे गेले."

मशीन वारल्यासारखे उठून वर गेले.

६ मे

लिहायचा जो प्रोग्राम आहे त्याचं नाव व्हीआय. आत जाता येतं. बाहेर पडता येत नाही! सगळी बटणं दाबली. एस्केपने काहीही होत नाही — हे तर मला हवंच होतं म्हणा! बॅटरी मेलेलीच आहे, त्यामुळे वीज गेली तेव्हा सुटले. पुन्हा सुरू केलं तर स्वतःला तपासत बसलं, म्हाताऱ्यासारखं. मग भुसावळला एसटीडी. गिरधर हसून हसून बेजार. मीटर माझं पळतंय!

७ मे

बाहेर पडता आलं! कोलन, क्यू.

११ मे

पुण्याहून कमलताईंचा फोन. लॅपटॉप त्यांच्याच संस्थेने दिलाय. "अगं, तुझी फ्लॉपी उघडते, पण रंगीत तक्ता कुठे? आणि नावं कुठे?"

रंगीत तक्ते इथे होत नाहीत, म्हटलं. मराठी अक्षरंही नाहीत, इंग्रजी लिपीत लिहिते. नावं मात्र मुद्दाम नाहीत. आकडे तुमचे, नावं इथली.

"मागच्या वर्षी नावं पाठवायचीस तू."

"चुकत होतं, ताई."

मला वाटलं, गेला लॅपटॉप. त्या म्हणाल्या, "बाकीच्या केंद्रांनाही कळव, तू काय केलंस ते." फोन ठेवला आणि मी एकटीच खुर्चीवर गोल फिरले.

२० मे

नाना अजून रुसलेलेच. पंख्याचं बिल आलं.

२ जून

लिहायला हात वळत नाही. जळगावच्या बैठकीला निघाले, एसटीत डोळा लागला, स्टँडवर उतरले, आणि बस पुढे भुसावळला निघून गेल्यावर कळलं. पिशवी वरच्या फळीवर. लॅपटॉप त्यात.

पिशवी मिळेल-न मिळेल, ते वेगळं. कुणीतरी ती उघडणार. बैठकीत मी काय बोलले ते देव जाणे.

३ जून, जळगाव

मिळाला!!

कंडक्टर भला माणूस, पिशवी परत आणून डेपोत जमा केली. मी धावत पोचले तर टेबलाभोवती पाचजण, मधे माझा लॅपटॉप, चालू.

तिथले एक क्लार्क फार शरमून म्हणाले, "मालक कोण ते बघावं म्हणून आम्ही सकाळपासून खटपट करतोय, मॅडम. माझा कोर्स झालाय कॉम्प्युटरचा. फ्लॉपीसुद्धा टाकून पाहिली. काहीच दिसत नाही. बिघडलंय हो तुमचं."

"बिघडलंयच," म्हटलं. आणि सगळ्यांना डेपोच्या कँटीनमध्ये भजी खायला घातली. का एवढी खूश, ते कुणालाच कळेना!

८ जून

पुन्हा पारोळा. या वेळी लॅपटॉप घेऊन. लोटनच्या अंगणात वायर ओढून लावला. डेपोची गोष्ट सांगितली. तो हसला नाही.

"मी देखू?"

देख म्हटलं. त्याने बटणं दाबली. एस्केप दाबलं. दोन्ही हातांनी दाबली. शिवी दिली. मग बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, तिनेही दाबून पाहिली. लॉगिन. चौकोन लुकलुकतोय.

"मुकं शे," ती म्हणाली.

लोटन सोमवारी औषधाला येतो म्हणाला. ट्रकवर अजून घेतलेलं नाही. ते मशीनने होणार नाही, मालकाशी मलाच भांडावं लागेल.

१४ जून

लोटन येऊन गेला. नंतर नाना आले. मागे त्यांची बायको, द्रौपदाबाई अक्का. त्या कधीच खाली उतरत नाहीत. नानांनी दार आतून लावलं. कडी नीट बसली का ते पाहिलं. उभ्यानेच लॅपटॉपकडे बोट केलं.

"याम्हा टाकेल नाव कोणले दखास नही ना?"

नाही म्हटलं.

"मंग मन्हं लिख. आन हिन्हं." आवाज नानांचा वाटेना.

अक्का खुर्चीवर बसल्या. बाही वर सरकवली. दंड केवढा बारीक झालाय!

"आधी मन्हं लिख," म्हणाल्या.