माझ्या नावावर निघालेली वसाहत

मी, दारियुस एन्ट्झ, वायडेनबाख वसाहतीचा उपदेशक, वय अठ्ठ्याहत्तर, डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहीत आहे. मंगळवारपासून ते ठेवावं लागतंय. आमच्या ख्रिस्ती पंथात सगळं सामाईक, कुणा एकाच्या मालकीचं काही नसतं, म्हणून मृत्युपत्रही कुणी करत नाही. आणि मंगळवारी कळलं की अख्खी वसाहत माझ्या एकट्याच्या मालकीची आहे!

एक. जमीन, कोठारं, भोजनघर. मूळ वसाहत माणसांनी भरली तेव्हा निम्मे जण इथे आलो. त्या काळी आल्बर्टा प्रांतात आमच्या पंथाच्या लोकांना जमीन विकायला कायद्याची आडकाठी होती, म्हणून खरेदी तात्पुरती माझ्या नावावर केली. पुढे कायदा उठला, कागदावरचं नाव बदलायचं राहूनच गेलं. ‘माझं’ म्हणायची सवयच नाही, मग बघणार कोण? मी असाच गेलो तर माझ्या वारसांत वाटण्या होतील आणि सगळी माणसं उघड्यावर येतील. म्हणून हे सारं मी वसाहतीला देतो.

दोन. कारभारी झकारियास वुर्झ याच्यावरचा बदकांच्या जागेवरूनचा राग इथेच सोडतो. बदकं मात्र ओढ्याजवळच हवी होती.

तीन. मुलगा एलियास. बाप्तिस्मा घेतल्यावर तो वसाहत सोडून गेला, म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या पंगतीला कुणी बसत नाही. मीही नाही. घरासाठी जागा बघायला तो जमीन-कचेरीत गेला, तिथे त्याला हे कळलं. तडक इथे आला.

“बाबा, तुम्ही तर मोठे जमीनदार निघालात!”

“थट्टा करतोस म्हाताऱ्याची?”

“थट्टा असती तर बरं होतं. मी गप्प बसलो असतो तर उद्या यातलं माझं झालं असतं. उठा, वकिलाकडे चला.”

मी कोट चढवला आणि त्याच्याबरोबर गेलो. त्याला मी काहीही देत नाही. तसं लिहायला त्यानेच सांगितलं.

चार. वकील म्हणाले, साक्षीदार यातून काही न मिळणारे हवेत, आणि सही त्यांच्यासमोर व्हायला हवी. वसाहतीत तर सगळ्यांनाच मिळतंय. गुरांचे डॉक्टर नीलसन आलेत. दुसरा कुठून आणू?

माझी बायको सान्ना म्हणाली, “दुसरा बाहेर ट्रकमध्ये कुडकुडतोय. तुम्ही हाक मारता की मी मारू?”

मीच मारली.

सहीनंतर तो माझ्या शेजारी बसून जेवेल. त्यासाठी वसाहतीतल्या धर्मबंधूंना मला पदावरून काढायचं असेल तर खुशाल काढावं.

वायडेनबाख, आल्बर्टा
२१ नोव्हेंबर १९८६

दारियुस एन्ट्झ

साक्षीदार:
ओले नीलसन, गुरांचे डॉक्टर
एलियास एन्ट्झ, मुलगा. यातून काही मिळत नाही.