निळ्या खुणेच्या मेंढ्या

४ मार्च

सकाळी ऊन, दुपारी वारा, चार वाजता चक्क गारा! दोरीवरचे कपडे तीनदा आत आणले, तीनदा बाहेर टाकले. चौथ्यांदा म्हटलं, भिजा काय भिजायचं ते. बांधावरची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडली आहेत, ओढा खळखळतोय, कोकरं चारही पायांवर एकदम उड्या मारतात. सगळं छान आहे. मला इथून जायचं आहे.

पंधरा तारखेला शहरातल्या छापखान्यात नोकरीवर हजर व्हायचं. बाबांचा खांदा धड नाही, म्हणून त्यांची अट एकच — लोकर कातरून झाली की जा.

७ मार्च

तीन दिवस लख्ख ऊन. कातरणारा मास्तर उद्या येतोय. एकदा पुढच्या गावांना गेला की महिनाभर तोंड दाखवत नाही.

ओढ्यापलीकडून आत्या आली. तिच्या अठरा मेंढ्या आमच्याच गोठ्यात असतात. त्यांच्या पाठीवर निळी खूण, आमच्यांवर तांबडी. आतोबा गेल्यापासून तिचं सगळं जग म्हणजे त्या अठरा. नावं घेऊन बोलते त्यांच्याशी.

"माझ्या राहू देत गं. म्हाताऱ्या आहेत सगळ्या. या उन्हाचा काही भरवसा नाही."

मी "बरं" म्हटलं. पण मग महिन्याने मास्तर आला की त्यांना धरायला कोण? बाबांचा खांदा? म्हणजे परत मीच!

८ मार्च

बाबा खांदा दाखवायला डॉक्टरकडे गेले. दोन वाजेपर्यंत आमच्या चाळीस झाल्या. मास्तरने मशीन पुसत विचारलं, "निळ्या?"

मी म्हटलं, "बाबा म्हणालेत, सगळ्याच."

किती सहज निघालं तोंडातून! घास गिळावा तसं.

संध्याकाळी आत्या गोठ्यात डोकावली आणि तिथेच उभी राहिली. "कोणी सांगितलं?" — "बाबांनी." ती वाकून आत आली. मग म्हणाली, "त्याला कळत असेल माझ्यापेक्षा." आणि आपल्या पदराने एकीची उघडी पाठ पुसत बसली.

९ मार्च

बॅग भरली. ऊन आहे. उद्याही असणार!

१० मार्च

वारा फिरला. बाबा सकाळपासून दहादा अंगणात जाऊन आले. निळ्या मेंढ्यांबद्दल मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

११ मार्च

दुपारी मेंढ्या माळावर होत्या. अर्ध्या तासात आभाळ काळं झालं. आधी गारा, मग बर्फासारखा पाऊस, तिरका, थांबायचं नावच नाही. आमच्या तरण्या मेंढ्या घराकडे पळत सुटल्या. म्हाताऱ्या कुंपणापाशी एकमेकींना चिकटून उभ्याच राहिल्या. ढकललं, ओढलं, शिव्या दिल्या. बाबांनी त्या खांद्यावर एकेक उचलून आणली. मी नको नको म्हणत होते, ते ऐकेनात.

स्वयंपाकघरात चुलीपुढे पोती अंथरली. आत्या आणि मी गोणपाटाने त्यांची अंगं चोळत होतो. माझ्या हाताखालीच एकीचं थरथरणं थांबलं. मला वाटलं, ऊब लागली.

१२ मार्च

अकरा गेल्या. अठरातल्या अकरा. आमची एकही नाही.

आत्या दारात उभी. रडली नाही. बाबांना म्हणाली, "मी नको म्हटलं होतं. तू सांगितलंस कातरायला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. इतकंच, की त्यांना कळलं.

"हो," म्हणाले. "मीच सांगितलं. चुकलं माझं."

मी तिथेच होते. हातात किटली होती. मी किटली खाली ठेवली, बास. एवढंच केलं मी!

१३ मार्च

बाबांनी एकट्याने खड्डा खणला. मदतीला गेले तर म्हणाले, "तुझी तयारी कर." रागावले असते तर सोपं होतं. नाश्ता झाला, भांडी घासली, पाऊस, ऊन, पुन्हा पाऊस. घरात एका जागी बसवत नाही.

१४ मार्च

बाबा थांब्यावर आले नाहीत. खांदा हलत नाही म्हणाले, दारातूनच हात केला.

आत्या आली! चिखल तुडवत, डबा घेऊन. "त्याचं तोंड नाही बघणार मी यापुढे. पण त्यात तुझा काय दोष, पोरी?" माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं तिने. म्हणाली, "तू तरी शब्दाची पक्की राहा."

मी डबा घेतला. गाडीत चढले.

१४ मार्च, फाट्यावर

पहिल्याच थांब्यावर उतरले. आत्याच्या घरापर्यंत दीड तास उलटं चालायचं आहे, आणि पुन्हा गारा सुरू झाल्या आहेत. आधी हे लिहून ठेवते — मीच सांगितलं होतं, बाबांनी नाही — म्हणजे वाटेत मन फिरलं तर निदान या वहीची तरी लाज वाटेल.