वहिनीची नळी

लवूदादा,

निकामी म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेल्या एका आरएनएपायी मी बारा वर्षं घालवली. तो रक्तात वाढला की कर्करोगाची शंका घ्यायची, एवढंच माझं संशोधन. तुलनेला निरोगी माणसांचं रक्त हवं म्हणून देवबागहून तुझी आणि वहिनीची नळी मागवली. दोन्हींत तो वाढलेला, आकडाही तोच. नवरा-बायकोला एकदम? चाचणीच चुकली म्हणायची! माझा जीव भांड्यात पडला.

पुन्हा रक्त मागायला काल फोन केला, तर तू हसत म्हणालास, “तुझी वहिनी सुयेक भियाली गो. दोनय नळ्यांत माजाच रगात आसा.”

मीही हसले.

चाचणी चुकली नव्हती, दादा. हे पत्र टाकणार नाही, उद्या मीच येते. दारातच ‘कित्याक इलंस?’ म्हणून येण्याचं कारण विचारू नको.

तुझी,
नम्रता