डोक्याचा फोटो काढलेल्या बाईचे मृत्युपत्र

मी, फ्लॉसी सॅन्टन तुस्कानो, वय एकसष्ट, विधवा, टेलिफोन खात्यातील निवृत्त ऑपरेटर, राहणार भुईगाव, हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, डाव्या हाताने लिहीत आहे. उजव्यात पेन धरवत नाही. अक्षर वाकडे आहे, मजकूर विचार करून लिहिलेला आहे.

१. ‘शुद्धीत’ मुद्दाम लिहिले. माझा धाकटा भाऊ पास्कल गावभर सांगतो, “डोक्याचा फोटो काढलेल्या बाईची सही कोर्टात टिकत नाय.” म्हणून घडले ते नोंदवते.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात नवरानवरीला शुभेच्छा देताना माझे शब्द घसरले. पास्कलने माईक काढून घेतला. “बस कर, बाय. जास्त झाली तुला.” मांडव हसला. मी लिंबूपाण्याखेरीज काही घेतले नव्हते. पुढच्या रविवारी चर्चच्या गायनमंडळानेही मला घरी बसायला सांगितले.

पास्कलची मुलगी रिटा तेवढी म्हणाली, “आत्या, तुझ्या तोंडाला वास नाय. डॉक्टरकडे चल.”

तोवर उजव्या हातातली ताकदही जाऊ लागली होती; इथल्या डॉक्टरांनी मानेत शीर दबली म्हणून पट्टा दिला. सहा महिने वाया गेले. मग मुंबईला एमआरआय. त्या नळीत हातोडे बडवल्यासारखा आवाज. “अजिबात हलू नका,” म्हणाले. माझी जीभ हलेना म्हणून तर आले होते! हसू आले, फोटो परत काढावे लागले.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. “गाठ नाही, झटका नाही, मानेत शीर दबलेली नाही. मेंदूतून हातापायांकडे जाणारी वाट दोन्हीकडे पांढुरकी दिसते. नुसत्या फोटोवरून ठरवत नाही, पण स्नायूंची सुईची तपासणीही तेच सांगते. मोटर न्यूरॉन आजार. स्नायू हलवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात.”

“दारूने होतो?” रिटाने विचारले.

“नाही.”

बरे करणारे औषधही नाही, म्हणाले. रिटा रडली. मला, खरे सांगते, आधी पास्कलचे तोंड आठवले.

डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारून माझी विचारशक्तीही तपासली. ती शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे.

२. घर आणि केळीची वाडी रिटाला. पास्कल कोरे कागद घेऊन आला होता, “हात चालतो तोवर सही कर.” मी कागदावर ‘चहा पिऊन जा’ एवढेच लिहिले.

३. शिलकीतून आधी माझे उपचार. उरेल ते रिटाचे.

४. एमआरआयच्या फिल्म वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी द्याव्यात. माझे नाव झाकू नये.

५. पास्कलला अहवालाची प्रत. ‘दारू’ हा शब्द त्यात कुठे सापडला तर त्याने खुशाल कोर्टात जावे.

६. मयताला कोणी ‘सुटली बिचारी’ म्हणू नये. मला सुटायचे नव्हते. मला अजून जगायचे होते.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून, मान हलवून कबूल केला आणि सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: फ्लॉसी सॅन्टन तुस्कानो (डाव्या हाताने)

साक्षीदार:
१. डॉ. दिनानाथ वर्तक, वसई
२. लुसी डाबरे, शेजारीण, भुईगाव

भुईगाव, ता. वसई, जि. ठाणे
२१ नोव्हेंबर २००३