मग करायचा हुकूम

बाई, मी अजून कशेळ्याच्या दवाखान्यातच आहे. आज सकाळी भाऊ पोशीरहून बैलगाडी घेऊन आला. "ताई, आता पुरे झालं. घरी चल," म्हणाला. मी नाही म्हटलं. तो गेला, पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. धुतलेल्या पट्ट्या पुन्हा धुतल्या, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, दोनदा दारात जाऊन रस्ता बघून आले. शेवटी कागद घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे बोलायला दुसरं कुणी नाही.

नवरा वारल्यावर बापानं मला तुमच्याकडे दवाखान्यात कामाला आणून सोडलं, तेव्हा मी सतरा-अठराची असेन. तुमची मराठी सगळी पुस्तकातली. डोंगरातून उतरून आलेल्या बायांना तुम्ही सांगायचात, "इथे बसावे. रडू नये." त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मग मी तुम्हाला शिकवलं, "बस गं" म्हणा, "रडू नको" म्हणा. म्हातारं माणूस असलं तर "बसा", "रडू नका". तुम्ही दिवसभर ते घोकत हिंडायचात. एका दुपारी चुलीपुढे पेज ढवळता ढवळता तुम्ही मला तुमच्या लहानपणाची भाषा सांगितलीत. वडील पाद्री, घर दूरदेशी बर्फातल्या तळ्याकाठी, आई लवकर गेलेली; तुम्हाला वाढवलं ते शेजारच्या क्री जमातीच्या बाईनं. तिच्या बोलीत 'निपा' म्हणजे आत्ता नीज. 'निपाहकन' म्हणजे मग नीज, हातातलं काम उरकल्यावर, नाहीतर मी इथून गेल्यावर. शेवटी 'हकन' लागलं की हुकूम पुढचा. आणि आधी 'एकाविया' आलं की ते करायचं नाही. मी म्हटलं, "आमच्यातपण हाय की, बाई. आय शेतावर जाताना सांगते, भाकर खाशील गं. म्हंजे आत्ता नाय, मग." तुम्ही पळी तशीच हवेत धरून माझ्याकडे बघत राहिलात. "खाशील," म्हणालात. "खाशील!" त्या दिवशी पेज बुडाला लागली.

त्याच वर्षी श्रावणात वाड्यांवर हगवण-ओकारीची साथ आली. वरच्या वाडीत एका ठाकर बाईचा लहान मुलगा आजारी होता. मी शेजारच्या खोपटात एका म्हातारीला औषध पाजत होते. तुम्ही त्या आईला सांगितलंत, "पेज पाजायला विसरू नको." वाक्य बिनचूक होतं. दुसऱ्या दिवशी आपण चढून गेलो तर पोराचे डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. तुम्ही विचारलंत, "पेज?" ती म्हणाली, "नाय दिली, बाई. तुमीच सांगून गेलाव, नको. पोर मागत व्हता, रडत व्हता, म्या थेंब नाय दिला." तुमच्या लांब वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा तिच्यापर्यंत पोचला होता, आणि तो तिनं रात्रभर पाळला होता. तुम्ही पोराला मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं पेज घालत बसलात. संध्याकाळी ते गेलं. तिनं तुम्हाला बोल लावला नाही. उलट विचारलं, "माजं कायी चुकलं का, बाई?"

त्यानंतर तुम्ही कामापुरतंसुद्धा बोलेनाशा झालात. एकदा मी औषधाच्या बाटल्यांपाशी गेलेल्या एका पोरावर "हात लावू नको" म्हणून ओरडले, तर तुम्ही माझा दंड धरलात. "काय करायचं ते सांग. नको काय ते सांगू नको!" आणि आपल्याच तोंडचा तो शब्द ऐकून तिथेच जमिनीवर बसलात. पुढे तीच बाई तान्ही मुलगी घेऊन दवाखान्यात आली. मला अजून दिसतंय, ती उंबऱ्यातच थांबली आहे, आत येत नाही. तुम्ही उठून जवळ जाता. "पाज," एवढंच म्हणता. "पाजू?" "पाज. परत पाज." ती मान हलवते. ती मुलगी आता मोळी घेऊन बाजाराला येते.

तुमच्या तापात शेवटी मराठी गेली, इंग्रजीही गेली. शेवटच्या सकाळी तुम्ही माझा हात धरून एक लांब शब्द बोललात. शेवटी 'हकन' होतं, ते नक्की. म्हणजे हुकूम मला, तुम्ही गेल्यावर करायचा. पण कसला, ते कळलं नाही. मी तेव्हा पाण्याचा तांब्या उचलत होते. आधी 'एकाविया' होतं की नव्हतं, तेही निसटलं. पुन्हा विचारीपर्यंत तुमची शुद्ध गेली.

बाप न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "बाई राहायला सांगून गेल्यात." गेलेल्या माणसाच्या शब्दापुढे तो काय बोलणार? पुढे जो कोणी न्यायला आला त्याला हेच सांगितलं. आज भावालाही सांगितलं. तो जू बांधता बांधता थांबला. "पण ताई, बाई नेमकं काय बोलल्या गं?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी आत येऊन धुतलेल्या पट्ट्या पाण्यात घातल्या. पुढच्या बाजाराला तो परत येणार आहे.

कर्जतच्या पोस्टात टाकायला या कागदावर पत्ता तरी काय घालू? चुलीतच जाईल तो. तुम्ही राहा म्हणालात की जा म्हणालात, मला ठाऊक नाही. भाऊ आला की या वेळी तुमचं नाव पुढे करणार नाही. राहायचं मलाच होतं, बाई. सांगायची लाज वाटत होती.